‘स्वायत्तता’ हा शब्द इथे चालणार नाही

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत कोर्नेलिउस कास्तोरियादिस यांच्यावर पानभर लेख छापून आला. मराठी वाचकासमोर हे नाव आले हीच मोठी गोष्ट, त्यामुळे आधी आभार. तक्रार लेखाच्या पहिल्याच ओळीपासून सुरू होते. ‘फ्रेंच मार्क्सवादी तत्त्वज्ञ’ अशी ओळख लेखकाने करून दिली आहे. तीन शब्दांत दोन चुका.

हा माणूस ग्रीक. जन्म ११ मार्च १९२२, कॉन्स्टँटिनोपलचा, म्हणजे आजच्या इस्तंबूलचा. त्याच वर्षी ग्रीस-तुर्कस्तान युद्धाच्या धामधुमीत कुटुंब अथेन्सला आले आणि तो तिथेच वाढला. १९३७ मध्ये, मेताक्सासच्या हुकूमशाहीत, शाळकरी वयात तो साम्यवादी युवक संघटनेत गेला. जर्मन ताब्याच्या काळात पक्षाचा सभासद झाला आणि वर्षभरात पक्षाशी वाजल्याने आगिस स्तिनास यांच्या लहानशा ट्रॉट्स्कीवादी, म्हणजे स्टालिनविरोधी साम्यवादी, गटात शिरला. त्या काळात या गटातल्या माणसाला जर्मनांकडून धोका होता आणि स्टालिनवाद्यांकडूनही. डिसेंबर १९४४ मध्ये अथेन्सच्या रस्त्यांवर लढाई झाली, तेव्हा त्याच्या मनाने एक गोष्ट घेतली : हा साम्यवादी पक्ष जिंकला तर कामगारांचे राज्य येणार नाही, पक्षाच्या कारकुनांचे येईल. पुढचे सगळे लेखन या निष्कर्षातून फुटले आहे. लेखात त्याचा उल्लेखच नाही.

डिसेंबर १९४५ मध्ये पिरेअस बंदरातून ‘मातारोआ’ नावाचे जहाज निघाले. अथेन्समधल्या फ्रेंच संस्थेने शिष्यवृत्त्या देऊन तरुण ग्रीकांचा एक जथा त्यातून फ्रान्सला पाठवला. कोस्तास आक्सेलोस, कोस्तास पापाइओआनू आणि कास्तोरियादिस हे तिघेही एकाच बोटीत होते. आधुनिक ग्रीक तत्त्वज्ञानाचा मोठा हिस्सा त्या एका बोटीतून देशाबाहेर गेला, असे म्हटले तर फार वावगे होणार नाही. ग्रीसमधल्या यादवीत हे तरुण मारले जातील या भीतीने संस्थेच्या प्रमुखांनी खटपट केली होती.

फ्रान्सचे नागरिकत्व त्याला १९७० मध्ये मिळाले. तोवर पंचवीस वर्षे तो परदेशी होता, आणि राजकारण करणाऱ्या परदेशी माणसाला सरकार केव्हाही सीमेपार धाडू शकत असे. म्हणून ‘पिएर शोलिए’, ‘पॉल कार्दाँ’, ‘जाँ-मार्क कुद्रे’ ही टोपणनावे. आपल्या लेखात शोलिए आणि कार्दाँ यांना ‘त्याचे सहकारी’ म्हटले आहे. ते सहकारी नव्हते, तो स्वतःच होता. खरा सहकारी क्लोद लफोर. त्याच्याबरोबर मार्च १९४९ मध्ये ‘सोसियालिस्म ऊ बार्बारी’, म्हणजे ‘समाजवाद की रानटीपणा’, हे नियतकालिक निघाले. ते १९६५ पर्यंत चालले. ते चालवणारा गट १९६७ मध्ये विसर्जित झाला, आणि पुढच्याच वर्षी मे महिन्यातल्या विद्यार्थी-कामगारांच्या उठावात पॅरिसच्या भिंतींवर याच गटाच्या कल्पना लिहिल्या गेल्या. वेळ चुकली म्हणायची.

आता ‘मार्क्सवादी’ या शब्दाकडे. दिवसा हा माणूस काय करत होता ते पाहिले की गोष्ट उलगडते. १९४८ ते १९७० तो पॅरिसमधल्या त्या संघटनेत अर्थतज्ज्ञ होता जिला आज ओईसीडी (आर्थिक सहकार्य आणि विकास संघटना) म्हणतात. शेवटी शेवटी तिच्या सांख्यिकी आणि राष्ट्रीय उत्पन्नाच्या विभागाचा प्रमुख. म्हणजे दिवसा भांडवलशाही देशांच्या वाढीचे आकडे जुळवायचे आणि रात्री टोपणनावाने त्या व्यवस्थेची चिरफाड करायची. यात ढोंग शोधणारे शोधतात. पण आकड्यांच्या या सहवासामुळेच त्याची टीका नेमकी झाली. राष्ट्रीय उत्पन्नाचा एक टक्का कुठून येतो आणि त्यात काय काय मोजलेलेच नसते, हे त्याला हाताखालच्या तक्त्यांतून दिसत होते.

त्याचा मुख्य मुद्दा कारखान्याचा आहे. मार्क्सच्या मते संकट बाजारात आणि नफ्याच्या घसरत्या दरात दडलेले असते. कास्तोरियादिस म्हणाला, ते यंत्राजवळ आहे. व्यवस्थापनाला कामगाराकडून निर्णय काढून घ्यायचे असतात आणि त्याच वेळी कामगाराने डोके चालवले नाही तर काम पुढे जात नाही. एक साधे उदाहरण घ्या. लेथवर एका नगाला इतकी मिनिटे, कटिंगचा वेग इतका, असे घड्याळ घेऊन आलेला माणूस ठरवून जातो. प्रत्यक्षात फाउंड्रीतून आलेले कास्टिंग एखाद्या दिवशी जास्त टणक निघते. ठरलेल्या वेगाने चालवले तर टूल तुटते. ऑपरेटर वेग कमी करतो, शेजाऱ्याकडून घासलेले टूल घेतो, पुढच्या नरम नगांवर वेळ भरून काढतो आणि यातले काहीही कागदावर नोंदवत नाही. नोंदवले तर पुढच्या महिन्याला मिनिटे कापली जाणार. म्हणजे कागदावरचा कारखाना एक आणि चालणारा कारखाना दुसरा. पुरावा हवा असेल तर ‘नियमाप्रमाणे काम’ आंदोलन आठवावे. मुंबईकरांना ते समजावून सांगायला नको. मोटरमन नियमपुस्तिका अक्षरशः पाळू लागले की लोकलचे वेळापत्रक कोलमडते. काम थांबवण्यासाठी आज्ञापालन पुरेसे आहे, यातच त्या आज्ञांचे वाभाडे निघतात.

हे निरीक्षण हवेतले नाही. रेनोच्या बियाँकूर इथल्या कारखान्यात काम करणारा, ‘दानिएल मोते’ या नावाने लिहिणारा कामगार त्याच नियतकालिकात आतल्या हकिकती देत असे. १९५६ मध्ये हंगेरीत कामगार परिषदा उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांनी मागितलेल्या गोष्टींत कामाचे मापदंड स्वतः ठरवण्याचा हक्क होता, याकडे कास्तोरियादिसने पुन्हा पुन्हा बोट दाखवले.

१९६४-६५ च्या अंकांतील ‘मार्क्सवाद आणि क्रांतीचा सिद्धांत’ या लेखमालेत त्याने हिशेब चुकता केला : मार्क्सवादी राहायचे की क्रांतिकारक, यातले एकच शक्य आहे. त्याने क्रांती निवडली. या वळणावर गटातले बरेच जण सोडून गेले. पुढे उत्तराधुनिकतेसाठी गाजलेला लिओतार त्यांपैकीच. तेव्हा १९६४ नंतरच्या कास्तोरियादिसला मार्क्सवादी म्हणणे हे सरळ चूक आहे. वस्तूचे मोल तिच्यातल्या श्रमाने ठरते, या मार्क्सच्या सिद्धांतावर त्याने १९७५ मध्ये लिहिलेला निबंध तर आमच्या अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी जरूर वाचावा. कुशल कामाचा एक तास म्हणजे साध्या कामाचे किती तास, याचे उत्तर मार्क्सकडे नाही, आणि अॅरिस्टॉटलने ते नाही हे आधीच कबूल केले होते, असा त्याचा सूर आहे. पाच खाटा म्हणजे एक घर, असा व्यवहार होतो तो वस्तूंमध्ये काही समान दडलेले असल्यामुळे होत नाही, समाजाने तसे धरून चालायचे ठरवल्यामुळे होतो. नाण्याला ग्रीकमध्ये ‘नोमिस्मा’ म्हणतात, आणि त्या शब्दात ‘नोमोस’ म्हणजे कायदा-रूढी बसलेली आहे.

आता या पत्राचे खरे कारण. लेखकाने त्याचे मुख्य पुस्तक ‘समाजाची काल्पनिक संस्था’ असे मराठीत आणले आहे आणि त्याची मुख्य संकल्पना ‘स्वायत्तता’ अशी. दोन्ही वाचून मराठी माणसाला जे कळेल ते पुस्तकात नाही.

‘काल्पनिक’ म्हणजे आपल्याकडे खोटे, कथेतले. ‘संस्था’ म्हणजे नोंदणी क्रमांक, कार्यकारिणी आणि भिंतीवर संस्थापकांचा हार घातलेला फोटो. १९७५ चे हे पुस्तक या दोन्हींबद्दल नाही. भाषा, लग्न, पैसा, देव, जात, कामाचा तास, या सगळ्या त्याच्या अर्थाने ‘संस्था’ आहेत, आणि त्या कुठल्याशा गरजेतून वा निसर्गनियमातून आपोआप निघत नाहीत. समाज त्या कल्पनेने घडवतो. घडवल्यावर त्या दगडाइतक्या खऱ्या होतात. खिशातली पाचशेची नोट काढून पाहा. गव्हर्नरची सही, ‘अदा करण्याचे’ वचन, मागे पंधरा भाषांची पट्टी, त्यात मराठीही. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री जुन्या पाचशेच्या नोटेतला कागद, शाई, जलचिन्ह यांत काहीही बदल झाला नव्हता, तरी मध्यरात्रीनंतर ती चलन राहिली नाही. जे गेले ते कागदात नव्हतेच. कास्तोरियादिस त्याला ‘सामाजिक कल्पनेतला अर्थ’ म्हणतो. म्हणून पुस्तकाचे नाव ‘समाजाची कल्पनेतून घडण’ असे काहीसे करावे. ओबडधोबड आहे, पण दिशाभूल करत नाही.

‘स्वायत्तता’ हा शब्द याहून घातक. ‘आयत्त’ म्हणजे अधीन. स्वायत्त म्हणजे स्वतःच्या अधीन. व्युत्पत्ती ठीक, वापर मात्र बिघडलेला. आज मराठीत महाविद्यालय ‘स्वायत्त’ होते ते वरून दर्जा दिला म्हणून, आणि दर्जा काढून घेता येतो. दिलेली स्वायत्तता ही कास्तोरियादिसच्या भाषेत तिच्या बरोबर उलट गोष्ट आहे. त्याचा शब्द ग्रीक आहे : ‘आउतोस’ म्हणजे स्वतः, ‘नोमोस’ म्हणजे कायदा. आपले कायदे आपणच केले आहेत हे ज्या समाजाला माहीत असते आणि म्हणून ते कायदे बरोबर आहेत का हा प्रश्न जो समाज उघडपणे विचारू शकतो, तो समाज ‘आउतोनोमोस’. कायदे तर सगळेच समाज स्वतः करतात. फरक कबुलीचा आहे. बहुतेक समाज आपण केलेल्या कायद्याचे श्रेय देवाला, पूर्वजांना, निसर्गाला किंवा हल्ली ‘बाजाराच्या नियमांना’ देऊन मोकळे होतात.

यासाठी ‘स्वविधान’ हा शब्द मला बरा वाटतो. ‘विधान’ आपल्या कानाला विधानसभा आणि संविधानातून ओळखीचे आहे, त्यात कायदा करण्याची क्रिया आहे, आणि उलट बाजूला ‘परविधान’ सहज तयार होते. ‘आत्मनियमन’ नको, ते ऐकले की जाहिरात कंपन्यांची आचारसंहिता आठवते. ‘स्वराज्य’ मोहात पाडते, पण त्या शब्दावर आधीच इतके निखारे आहेत की त्यात नवा अर्थ ठेवायला जागा नाही.

लेखाच्या उत्तरार्धात अथेन्सबद्दल जे आले आहे ते सुधारायला हवे. ‘कास्तोरियादिस निवडणुकीऐवजी आंधळ्या लॉटरीचा पुरस्कर्ता होता’ हे वाक्य दोनदा चुकते. एक, अथेन्सला त्याने नमुना कधीच मानले नाही, बीज मानले. गुलाम आणि स्त्रिया त्या लोकशाहीच्या बाहेर होत्या हे तो दर वेळी सांगतो. दोन, ती सोडत आंधळी नव्हती.

पाचशे जणांच्या परिषदेचे उदाहरण घ्या. अथेन्सचे नागरिक दहा गणांत, म्हणजे विभागांत, वाटलेले होते; प्रत्येक गणातून पन्नास, सोडतीने. वय तिसाच्या वर, आयुष्यात फार तर दोनदा. वर्षाचे दहा भाग करून प्रत्येक गणाचे पन्नास जण पस्तीस-छत्तीस दिवस कामकाज पाहत. त्यांचा अध्यक्ष रोज सोडतीने बदले, एका रात्र-दिवसापुरता, आणि तो मान आयुष्यात एकदाच. पदावर बसण्याआधी छाननी, उतरल्यावर हिशेब तपासणी. दहा सेनापती मात्र निवडून दिले जात, आणि पुन्हा पुन्हा निवडता येत. कारण लढाई हे कसब आहे, त्यात जाणकार असतो. राजकीय निर्णयात तसा जाणकार नसतो, तिथे फक्त मते असतात. कास्तोरियादिसचा सगळा भर या भेदावर आहे. आणि जिथे जाणकार आहे तिथेही त्याला जोखणार कोण? तलवार कशी आहे हे लोहाराने सांगायचे नाही, योद्ध्याने सांगायचे, खोगीर घोडेस्वाराने.

न्यायालयांत निवाडा देणाऱ्या पंचांच्या सोडतीसाठी तर चक्क यंत्र होते, ‘क्लेरोतेरिओन’. अॅरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या ‘अथेन्सच्या राज्यघटने’त त्याची कृती दिली आहे, आणि नंतरच्या काळातला असा एक फुटका दगड अथेन्सच्या अगोरा संग्रहालयात पाहता येतो. दगडी फलकावर बारीक आडव्या खाचा, त्यांचे उभे रकाने. प्रत्येक पंचाकडे नाव, बापाचे नाव, गाव आणि एक अक्षर कोरलेली पट्टी. एका गणाची दोन यंत्रे, प्रत्येकाला पाच रकाने, म्हणजे दहा अक्षरांना दहा. पट्ट्या पेटीतून न बघता काढून आपापल्या रकान्यात वरून खाली खोचायच्या. बाजूच्या नळीत काळे आणि पांढरे फासे ओतायचे. हव्या असलेल्या दर पाच पंचांमागे एक पांढरा. मग खालून एकेक फासा सोडायचा. पांढरा आला की पहिल्या आडव्या ओळीतले पाचही जण नेमले गेले, काळा आला की पाचही जण घरी. पुढची ओळ, पुढचा फासा. अडचण एकच : एखाद्या अक्षराची माणसे कमी आली तर त्या रकान्याच्या उंचीखालच्या ओळी अपुऱ्या राहतात आणि उरलेल्या चार रकान्यांतली खालची माणसे फासा न टाकताच बाद होतात. नेमलेल्याने मग दुसऱ्या पेटीतून एक सोंगटी काढायची, तिच्यावर कोणत्या न्यायालयात जायचे त्याचे अक्षर. हातात त्या न्यायालयाच्या रंगाची काठी. आपण कुठल्या खटल्याला बसणार हे सकाळपर्यंत त्यालाच ठाऊक नाही, मग लाच देणार कोणाला? मत द्यायला दोन कांस्य चकत्या, एकीच्या मधली दांडी पोकळ (फिर्यादीची), दुसरीची भरीव (आरोपीची). दोन्ही टोके अंगठा आणि बोटात धरली की कोणती कोणत्या हातात ते बाहेरून दिसत नाही.

आपल्याकडे सरपंच-महापौरपदाच्या आरक्षणाची सोडत निघते, तिच्यात जागा कोणत्या प्रवर्गाची हे ठरते. माणूस ठरत नाही. समान मते पडली की मात्र माणूस ठरतो, आणि त्या चिठ्ठीला आपण ‘ईश्वरचिठ्ठी’ म्हणतो. कास्तोरियादिसला हा शब्द ऐकवला असता तर त्याने परविधानाचे पाठ्यपुस्तकी उदाहरण म्हणून टिपून घेतला असता. कायदा आपला, निवडणूक आपली, बरणी शाळेतली, आणि निर्णय मात्र ईश्वराचा.

आणखी एक तरतूद त्याची आवडती होती. अॅरिस्टॉटलच्या ‘राजनीती’त उल्लेख आहे की काही नगरांत शेजारी राज्याशी युद्ध करायचे का यावर मतदान होत असताना सीमेलगत राहणाऱ्यांना मत देता येत नसे. कारण त्यांच्या डोळ्यांसमोर आपली शेते जळताना दिसणार, आणि मत नगराचे न राहता शेताचे होणार. आपल्याकडे याच्या नेमके उलट चालते : ज्याचे शेत, त्यालाच मंडळावर घ्या.

आता माझी त्याच्याशी असलेली हरकत. आपल्याच संस्थांना प्रश्न विचारणे ग्रीसमध्ये सुरू झाले आणि पश्चिम युरोपात पुन्हा जन्मले, बाकी समाज परविधानात राहिले, असे तो ठामपणे मांडतो. लेखकाने ते जसेच्या तसे उतरवून घेतले आहे, आणि तेही डॉ. आंबेडकरांच्या महाराष्ट्रात. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात बाबासाहेबांनी भिक्खू संघाच्या कामकाजाची यादीच दिली होती : बैठकीची व्यवस्था, प्रस्ताव, ठराव, गणसंख्या, मतमोजणी, गुप्त मतदान, निंदाव्यंजक ठराव. विनयपिटकात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, हे तपशिलाने आहे. प्रस्ताव एकदा मांडायचा, मग तीनदा वाचायचा, मौन म्हणजे संमती. वाद मिटला नाही तर शलाका, म्हणजे काड्या वाटून मतदान. ते गुप्त, कानात सांगून किंवा उघड, अशा तीन रीतींनी. काड्या वाटणारा भिक्खू संघाने नेमलेला. योगायोग असा की त्याआधीच्या वर्षी, ४ नोव्हेंबर १९४८ रोजी, ‘संविधानिक नीतिमत्ता’ ही कल्पना बाबासाहेबांनी घेतली ती ग्रोट या ग्रीसच्या इतिहासकाराकडून, अथेन्सच्या लोकशाहीचा पाया घालणाऱ्या क्लेइस्थेनेसवर लिहिणाऱ्याकडून. म्हणजे ग्रीक बीज आणि संघाची शलाका या दोन्ही गोष्टी एकाच माणसाने एकाच सभागृहात मांडल्या.

कास्तोरियादिसचा बचाव करायचा तर एकच जागा सापडते, आणि ती भक्कम आहे. विनयाचे नियम संघाने केले नव्हते, बुद्धाने घालून दिले होते; संघ त्यांच्या आत मतदान करत होता. पण परंपरा असेही सांगते की महापरिनिर्वाणाआधी बुद्धाने आनंदाला सांगितले : संघाला वाटले तर लहानसहान नियम रद्द करावेत. ‘लहानसहान’ कोणते, हे आनंदाने विचारले नाही. राजगृहाच्या पहिल्या संगीतीत, म्हणजे भिक्खूंच्या धर्मसभेत, त्यावर चर्चा झाली. कुणी म्हणाले एवढे सोडून बाकीचे, कुणी म्हणाले तेवढे. एकमत झाले नाही. शेवटी महाकाश्यपाने प्रस्ताव मांडला आणि संघाने ठरवले की एकही नियम रद्द करायचा नाही. नियम बदलण्याचा अधिकार मिळाला होता, त्यावर रीतसर विचार झाला, आणि तो न वापरण्याचा ठराव झाला. हे स्वविधान की परविधान? पॅरिसच्या त्याच्या वर्गात, जिथे त्याने १९८० नंतर वर्षानुवर्षे अथेन्स शिकवले, हा प्रश्न विचारायला कुणीतरी हवे होते.

आपला,
एक वाचक, पुणे

ता. क. : लेखाच्या चौकटीत त्याचा मृत्यू १९९८ चा दिला आहे. तो २६ डिसेंबर १९९७ रोजी पॅरिसमध्ये वारला. आणि ‘कॅस्टोरिएडिस’ हे इंग्रजी वळणाचे लेखन टाळावे. ग्रीक उच्चारात ‘त’ आहे आणि ‘द’ आहे. मराठीला ही दोन्ही अक्षरे परकी नाहीत.